उणे साडेतीनशे ग्रॅम उडीद

चकली तेलात हसते म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी माणूस. चकली कढईत सोडावी, तिचं वेटोळं सुटावं, तुकडे व्हावेत आणि तेलभर भुगा पसरावा, याला आमच्याकडे बायका "हसली" म्हणतात. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसरं कोणीही हसत नसतं. गेल्या दिवाळीत आमच्या घरची चकली अशी हसली. तीही घरापुरती नव्हे, आमच्या झाशीच्या मराठी मंडळाच्या फराळाची, अडतीस कुटुंबांची.

मंडळाची चकली म्हणजे माझ्या आईची, असा पन्नास वर्षांचा रिवाज. आई साताऱ्याहून लग्न होऊन इथे आली, आणि वडिलांची रेल्वेची नोकरी जशी माझ्याकडे आली तशी चकली सुनेकडे जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आई दोन वर्षांपूर्वी चैत्रात गेली. त्या वर्षी आम्ही सण केले नाहीत, मंडळाचा फराळ बिनचकलीचा झाला. गेल्या वर्षी माझी बायको स्नेहलता पहिल्यांदा एकटी कढईपुढे बसली, आणि काय झालं ते वर सांगितलंच आहे. शेवटी फराळाच्या ताटात चकलीच्या जागी भुगा वाढला गेला. लोकांनी तो चमच्याने खाल्ला आणि "चव मात्र छान हं" म्हणाले. हे "मात्र" स्नेहलताने वर्षभर उराशी धरून ठेवलं.

या वर्षी सप्टेंबरातल्या बैठकीत बकुळाबाई म्हणाल्या, "चकली आपण बाहेरूनच मागवू या का? उगीच कोणाला त्रास नको." बकुळाबाई म्हणजे माझ्या शेजारी राहणाऱ्या कमलाकरची बायको. कमलाकर मोठ्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, आणि तेव्हापासून सल्ले देण्याच्या नोकरीवर पूर्ण वेळ रुजू झालेला. बाई "कोणाला" म्हणताना छताकडे बघत होत्या.

"मीच करणार," स्नेहलता म्हणाली. "आणि या वेळी हसली, तर मंडळात पुन्हा पाय ठेवणार नाही."

माझी बायको बोलते ते करते. सख्ख्या बहिणीशी ती एका बरणीवरून अकरा वर्षं बोललेली नाही. आणि मंडळ सोडून ती जाणार कुठे? झाशीत चार बायकांत बसून मराठीत बोलायला तिला तेवढीच एक जागा. घरी मी आहे, पण माझ्याशी ती बोलते ते बोलणं वेगळं, त्यात मला फारसं बोलावं लागत नाही. मंडळ सुटलं तर ती मुकी होईल, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मूळ अडचण सांगतो. आईची कृती आमच्याकडे होती! ती दर दिवाळीला कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे लिहून ठेवायची. अशी चार पानं सापडली. एकावर लिहिलं होतं, "तांदूळ ४ गडवे, हरभरा डाळ ५ फुलपात्री, उडीद ५ वाट्या. चक्कीवर वजन ५ किलो ९५०." धणे-जिरे मूठभर, ते ती धरतच नसे. बाकी पानांवर आकडे वेगळे, पण रीत हीच. तांदूळ कायम पितळी गडव्याने, डाळ कायम फुलपात्राने, उडीद कायम कडेच्या वाटीने. सगळं भाजून घ्यायचं, चक्कीवर न्यायचं, तिथलं वजन घरी येऊन लिहायचं.

फक्त तो गडवा, ते फुलपात्र आणि ती वाटी आता घरात नव्हती. आई गेल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये येताना सामानवाल्यांनी हरवली, असं स्नेहलता सगळ्यांना सांगते. खरं सांगायचं तर ती मी मोडीत घातली होती. काळी पडलेली, पोचे आलेली भांडी, मला वाटलं आवराआवर करावी. त्या बदल्यात एक निर्लेप तवा आणला. स्नेहलता रोज सकाळी त्यावर धिरडी करते आणि म्हणते, "अहो, तवा मात्र तुम्ही चांगला आणलात हं." दोन वर्षं मी ते धिरडं मान खाली घालून खातो आहे.

म्हणजे आकडे आहेत, मापं नाहीत, आणि दोष माझा. पण मी काही हातावर हात ठेवून बसणारा नव्हे. डिप्लोमाला मला गणितात चौऱ्याहत्तर गुण होते, आणि हे मंडळात न ठाऊक असलेला माणूस नाही. मी विचार केला, गडवाभर तांदळाचं वजन क्ष धरावं, फुलपात्रभर डाळीचं य, वाटीभर उडदाचं ज्ञ. चार क्ष अधिक पाच य अधिक पाच ज्ञ बरोबर ५९५० ग्रॅम. हे झालं समीकरण! अशी चार समीकरणं, अज्ञात संख्या तीनच. मला इतका आनंद झाला की मी स्नेहलताला म्हणालो, "तुझी चकली आता गणित करणार." ती म्हणाली, "गणिताला कढईजवळ येऊ देऊ नका."

हाताने सोडवायला बसलो. तिसऱ्या ओळीला माझ्याकडे साडेसातशे किलो उडीद आले. चौऱ्याहत्तर गुणांना आता चाळीस वर्षं झाली आहेत. मग मुलीला फोन केला. ऋचा पुण्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवते. ती म्हणाली, "बाबा, हाताने कशाला करता? फुकट सॉफ्टवेअर मिळतं, समीकरणं टाकायची, ते अक्षरांचं गणित अक्षरांतच सोडवून देतं." तिने नाव पाठवलं. घरचा लॅपटॉप तेव्हा दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी ऑफिसच्या संगणकावर करायचं ठरवलं. इथे माझा जो अपमान झाला तो मी विसरणार नाही.

आमच्या ऑफिसात (कुठला विभाग ते सांगत नाही, पेन्शन अजून सुरू व्हायची आहे) नवं सॉफ्टवेअर टाकायला लेखी परवानगी लागते. फॉर्मवर रकाना होता, "प्रयोजन." मी आयुष्यात सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. मी लिहिलं, "रैखिक समीकरण हल करना (चकली)." कंस घालायला नको होता. चार दिवसांनी कागद तीन सह्या घेऊन परत आला, वर शेरा, "चकली का विभागीय कार्य से संबंध स्पष्ट करें." मी स्पष्ट केलं. मग साहेबांनी बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगून अगदी प्रेमाने विचारलं, "नारायणराव जी, घर में सब ठीक है न?" त्या दिवसापासून शिपायापर्यंत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. फाईल अजून हिंडते आहे असं ऐकतो.

यात नऊ दिवस गेले. फराळाला बारा उरले. लॅपटॉप परत आला, मी सॉफ्टवेअर उतरवलं. आधी मी आकडे मराठीत लिहिले, ते त्याला समजेनात. मग एक कंस राहिला. मग एक कंस जास्त झाला. दर वेळी लाल अक्षरं उमटायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून लिहायचो. शेवटी चारही समीकरणं नीट बसली, मी बटण दाबलं, आणि उत्तर आलं. एक चौकोनी कंस उघडलेला, लगेच बंद झालेला. आत काही नाही.

मी कमलाकरला बोलावलं. बोलवायला नको होतं, पण तो तसाही दारात उभाच होता. चष्मा कपाळावर चढवून त्याने तो रिकामा कंस बराच वेळ न्याहाळला.

"कंस आलाय म्हणजे उत्तर आहे," तो म्हणाला. "आत भरायचं राहिलंय. थोडा वेळ द्या."

आम्ही चहा घेईपर्यंत वेळ दिला. कंस रिकामाच.

"मग असं करा," कमलाकर म्हणाला. "अज्ञात तीन आणि समीकरणं चार, ही गर्दी झाली. आमच्या कारखान्यात आम्ही जास्तीचं रीडिंग सरळ काढून टाकायचो. एक पान काढा."

मी शेवटचं, सगळ्यांत मोठं पान काढलं. ते ऋचाच्या लग्नाच्या वर्षीचं, आठ गडव्यांचं होतं. बटण दाबलं. झटक्यात उत्तर आलं! क्ष तीनशे. य तेराशे. ज्ञ उणे साडेतीनशे.

आईच्या ज्या गडव्यात अख्ख्या घराचं पाणी मावायचं, त्यात तीनशे ग्रॅम तांदूळ. फुलपात्रात सव्वा किलोच्या वर डाळ. आणि वाटीत उणे साडेतीनशे ग्रॅम उडीद. उणे उडीद वाटीत दिसतात कसे, हा विचार मी खरोखर केला, आणि त्यावरून माझी त्या वेळची मनःस्थिती तुम्हाला कळेल.

"उणे म्हणजे घालायचे नाहीत," कमलाकर ठामपणे म्हणाला. "आईंनी लोकांना फसवायला उडीद लिहून ठेवले असणार. तुम्ही बिनउडदाची करून बघा."

आणि मी करून बघितली. स्नेहलता भाजीला सदर बाजारात गेली होती, तेवढ्यात घरात होतं ते पीठ त्या मापाने कालवलं, सोऱ्यात भरलं, चकली पाडली. ती कढईत पडली आणि दिसेनाशी झाली. हसली वगैरे नाही, सरळ नाहीशीच झाली. तेल मात्र फसफसून वर आलं. मी झारा घेऊन तिला शोधत होतो तेव्हा स्नेहलता दारात उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली, पुढे येऊन गॅस बंद केला आणि आत जाऊन बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

फराळाला पाच दिवस राहिले. मंडळाच्या ग्रुपवर बकुळाबाईंनी एका मिठाईवाल्याचा नंबर टाकला होता, "असू द्या हाताशी" म्हणून. मी गच्चीत जाऊन ऋचाला पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही पान काढून कशाला टाकलंत?" ती म्हणाली. "रिकामा कंस हेच उत्तर होतं. म्हणजे चारही पानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत."

"आजीने खोटं लिहिलं म्हणतेस?"

"वाचा बघू मला आकडे."

मी वाचले. ते लिहून घेऊन ती म्हणाली, "बाबा, सॉफ्टवेअर राहू दे. पहिलं पान चार गडवे, पाच फुलपात्री, पाच वाट्या. माझ्या लग्नाचं पान आठ, दहा, दहा. बरोब्बर दुप्पट. मग वजनही दुप्पट हवं. पाच नऊशे पन्नासचे दुप्पट किती?"

"अकरा किलो नऊशे."

"आणि आजीने लिहिलंय अकरा चारशे. अर्धा किलो कमी. म्हणजे दर वेळी अर्धा किलो असं काहीतरी आहे, जे पीठ कितीही असलं तरी तेवढंच राहतं. चौथं अज्ञात धरा, बाबा."

मी खाली येऊन धरलं. कंस भरला! गडवा आठशे, फुलपात्र तीनशे, वाटी दीडशे. अगदी डोळ्यांपुढे ती भांडी आली. आणि चौथं अज्ञात, पाचशे ग्रॅम. आता हा अर्धा किलो कोण? मी कमलाकरला विचारलं, तो ताडकन म्हणाला, "काटा! चक्कीवाल्याचा काटा रिकामा असतानाच अर्धा किलो दाखवतो. पन्नास वर्षं फसवलंय तुम्हाला." माझंही डोकं तापलं. गेल्या वर्षीही स्नेहलताने तिथूनच दळून आणलं होतं. लॅपटॉप काखेत घेऊन मी कमलाकरच्या स्कूटरवर मागे बसलो, आणि आम्ही सदर बाजारातल्या हरगोविंद कुशवाहाच्या चक्कीवर गेलो. कमलाकर स्कूटर सांभाळत रस्त्यावरच थांबला, कारण आत चक्की चालू होती आणि त्याला पिठाची शिंक येते.

हरगोविंद माझ्याच वयाचा. मी त्याच्यापुढे लॅपटॉप उघडला, पाचशेच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "भैया, आपका काँटा आधा किलो ज़्यादा तौलता है. हिसाब में पकड़ा गया है!"

त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काट्यावर एक किलोचं वजन ठेवलं. काट्याने एक किलो दाखवलं. मग ते उचललं. काट्याने शून्य दाखवलं. मी लॅपटॉप मिटला.

"आधा किलो?" तो म्हणाला. "अम्मा जी की चकली में?" आणि त्याने रस्त्यावरच्या कमलाकरकडे नजर टाकून मला चक्कीच्या मागे नेलं. तिथे एक पत्र्याचा जुना डबा होता. "जो देखो. पूरो आधा किलो आत है जा में. कठिया गेहूँ. अम्मा जी हर साल एक डिब्बा डरवाती हतीं, फिर तुलवाती हतीं."

म्हणजे आई दर साली डबाभर गहू भाजणीत टाकायला लावायची आणि मग वजन करायची! कठिया म्हणजे आमच्या बुंदेलखंडातला तो लालसर, कडक गहू. आणि आईच्या भाजणीत गहू? जी आई याच चक्कीवर उभी राहून साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडायची, "भैया, गेहूँ पे मत पीसना!" म्हणजे जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ राहिलेलं असतं, तेसुद्धा तिच्या भाजणीला लागता कामा नये. जिने मंडळात भर सभेत सांगितलं होतं की चकलीत गहू घालणारीने स्वतःला मराठी म्हणवू नये. स्नेहलता तिचंच ऐकून आजही तसंच ओरडते.

हरगोविंदने सगळं सांगितलं. आई नवी लग्न होऊन आली तेव्हा तिची पहिली चकली अशीच विरघळली होती. इथला तांदूळ वेगळा, साताऱ्याचा हिशेब चालेना. ती चक्कीवर येऊन रडली. तेव्हा हरगोविंदच्या आईने तिला म्हटलं, "तनक कठिया डार दो, बहू. बाँध लैहै." थोडा घाल, तो पीठ बांधून धरेल, असं सांगून तिने ओंजळ-ओंजळ न मोजता समोरचा डबा उचलून ओतला. तेव्हापासून दर साली एक डबा. आईने शपथ घातली होती, काऊ से न कहियो, कोणाला सांगायचं नाही.

"हमसे बहू जी ने कभी पूछी नईं," हरगोविंद म्हणाला, "तो हमने कही नईं."

मला हसू यायला लागलं आणि मग एकदम रडू आलं. एवढी ताठ मानेची बाई, जवळजवळ साठ वर्षं दर दिवाळीला या डब्यापाशी येऊन गुपचूप उभी राहत होती. आणि वजन मात्र तिने दर वेळी खरं लिहिलं. घरी येऊन अर्धा किलो वजा करणं काय अवघड होतं? पण तेवढं तिच्याने झालं नाही.

बाहेर आलो तर कमलाकर स्कूटरवर उतावीळ होऊन बसलेला. "काय? काटा खोटा निघाला ना?"

आता मी काय सांगायचं? काटा खोटा म्हटलं तर हरगोविंदची बदनामी. खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत बकुळाबाईंना कळणार, आणि आई मेल्यावर मंडळात उघडी पडणार.

"काटा बरोबर आहे," मी म्हणालो. "माझं गणित चुकलं."

कमलाकरचा चेहरा जो खुलला! "तरी मी म्हणत होतो!" तो म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत त्याने तीन माणसांना स्कूटर थांबवून सांगितलं.

घरी आल्यावर दार लावून मी स्नेहलताला सगळं सांगितलं. कठियाचं सांगितलं, आणि ओघात गडव्याचंही सांगून टाकलं, कारण आता मला एका दिवसात दोन गोष्टी पोटात ठेवणं जमेना.

"तवा कुठून आला ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "मोडवाल्याची चिठ्ठी तुमच्या खिशात होती. शर्ट कोण धुतं?"

"मग रोज तव्याचं कौतुक का करायचीस?"

"तुम्ही केव्हा बोलताय ते बघत होते." मग तिने पदर खोचला. "आठशे, तीनशे, दीडशे ना? लिहून द्या. आणि गहू आणायला मी स्वतः जाते."

पहिली चकली तिने तेलात सोडली तेव्हा मी देवापुढे उभा होतो, तिकडे बघायची माझी हिंमत नव्हती. कढईतून आवाज येत होता. मग तो हळूहळू कमी झाला. "अहो," तिने हाक मारली. मी गेलो. झाऱ्यावर चकली होती. गोल, काटेरी, अख्खी. तिने ती मधोमध मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली, आणि तिचे डोळे भरून आले. "आईंचीच आहे," ती म्हणाली.

मंडळाच्या फराळाला चकलीची दोन मोठी पातेली गेली आणि रिकामी परत आली. लोक चार-चार घेत होते. "याला म्हणतात आपली चकली! इथला वारासुद्धा लागलेला नाही," असं एक आजोबा म्हणाले, आणि स्नेहलताने नम्रपणे मान खाली घातली. मग कमलाकर उभा राहिला. माझ्या समीकरणांची, रिकाम्या कंसाची आणि उणे साडेतीनशे ग्रॅम उडदाची गोष्ट त्याने रंगवून सांगितली. "चौऱ्याहत्तर गुण!" म्हणून लोक पोट धरून हसले. मी तोंडात चकली धरून गप्प बसलो. माझ्या बायकोने टेबलाखालून माझा हात धरला होता, हे त्यांना दिसत नव्हतं.

निघताना बकुळाबाई जवळ आल्या. "स्नेहलता, प्रमाण देशील का गं मला? आईंनी मागे एकदा दिलं होतं, पण माझी काही त्यांच्यासारखी होईना."

"देते की," स्नेहलता म्हणाली. तिथेच तिने फराळाच्या निमंत्रण पत्रिकेच्या पाठीमागे लिहायला घेतलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. तांदूळ तीन किलो दोनशे. हरभरा डाळ दीड किलो. उडीद साडेसातशे ग्रॅम. धणे-जिरे मूठभर. जरा थांबून तिने खाली एक ओळ लिहिली, "चक्कीवर वजन ५ किलो ९५०," आणि कागद घडी घालून बकुळाबाईंच्या हातात ठेवला.

मी मनात बेरीज केली, ती पाच किलो साडेचारशे झाली. मग तिच्याकडे पाहिलं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "सगळं बरोबर लिहिलंय ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "माझंच गणित कच्चं आहे."